माळ पडीक नव्हता

जुळे सोलापुरात राहणाऱ्या आम्हा मंडळींना माळ म्हटला की घरबांधणीचा प्लॉटच दिसतो. गवताळ माळाला आपण 'पडीक' म्हणत आलो. परंतु शहराच्या उत्तरेस, बार्शी रस्त्यावरील नान्नजच्या अशाच माळाने माळढोकाला आसरा दिला होता. पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो. मादी घरटे न बांधता उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. एवढ्या नाजूक संसाराला निवांत माळच हवा.

१९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य ठरले. त्यात गावे आली, शेते आली; जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि लोकांचा रोष निरपराध पक्ष्यावर वळला. पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर माळ तुकड्यातुकड्यांत विभागला होता आणि माळढोकाचे दर्शन दुर्मीळ झाले होते.

१९३२ मध्ये सोलापुरात जन्मलेले आणि २०२५ मध्ये येथेच निवर्तलेले मारुती चितमपल्ली यांनी मराठी वाचकाला पाखरांची ओळख करून दिली. आम्ही त्यांची पुस्तके आवडीने वाचली; माळ मात्र वाचला नाही. मुलांना तरी तो वाचायला शिकवू या.