आत्म्याच्या शक्ती (इस्लामी तत्त्वज्ञान)

मानवी आत्म्याच्या (नफ्स) निरनिराळ्या कार्यांमागे इस्लामी तत्त्वज्ञांनी मानलेल्या क्षमता. ॲरिस्टॉटलचा आत्मविषयक ग्रंथ नवव्या शतकात अरबीत आला. अल्-किंदी व अल्-फाराबी यांनी या विचाराची पायाभरणी केली. त्याची सर्वांत काटेकोर मांडणी इब्न सीना (९८०–१०३७) याच्या किताब अश्-शिफा या ग्रंथात आढळते.

पोषण, वाढ व प्रजनन या शक्ती वनस्पतींतही असतात. प्राण्यांत संवेदन व गती यांची भर पडते. हवेसे मिळवू पाहणारी वासना (शहवा) आणि अपायकारक दूर सारणारा क्रोध (गजब) गतीला चालना देतात. माणसात याखेरीज बुद्धी असते.

अंतरिंद्रिये : रूप टिपणे व साठवणे ही कामे भिन्न, तसेच रूप व त्यातील आशयही भिन्न, म्हणून इब्न सीना पाच अंतरिंद्रिये मानतो. ‘हिस्स मुश्तरक’ बाह्येंद्रियांची संवेदने एकत्र आणते, ‘खयाल’ ती जपते, संयोजक कल्पनाशक्ती त्यांची जुळणी व फोड करते. ‘वहम’ इंद्रियांना न जाणवणारा आशय ओळखते आणि ‘हाफिजा’ तो स्मरणात ठेवते. लांडगा दिसताच मेंढीला त्याचे वैर कळते, ते वहममुळे. गेलेनच्या वैद्यकाला अनुसरून पहिल्या दोन शक्ती मेंदूच्या पुढच्या पोकळीत, पुढील दोन मधल्या आणि स्मृती मागच्या पोकळीत मानली जाई.

बुद्धी : व्यावहारिक बुद्धी आचरणाचे नियमन करते, सैद्धांतिक बुद्धी सार्वत्रिक तत्त्वे जाणते. निव्वळ क्षमतेपासून प्रत्यक्ष चिंतनापर्यंत तिच्या चार अवस्था असून त्या चढण्यास ‘क्रियाशील बुद्धी’ हे देहातीत तत्त्व साहाय्य करते. बुद्धीला शारीरिक अवयव नाही. म्हणून विवेकी आत्मा मृत्यूनंतर टिकतो, मेंदूवर अवलंबून असलेली अंतरिंद्रिये टिकत नाहीत.

उत्तरकालीन मते : अल्-गझालीने (मृ. ११११) तहाफुत अल्-फलासिफा या ग्रंथात शक्तींच्या या विभागणीला हरकत घेतली नाही, आत्म्याचे अशरीरित्व केवळ तर्काने सिद्ध होते, हा दावा मात्र खोडून काढला. इब्न रुश्दला (११२६–९८) वहम ही स्वतंत्र शक्ती मान्य नव्हती; प्राण्यांत ते काम कल्पनाशक्तीच करते, असे तो म्हणे. बाराव्या शतकात तोलेदो येथे झालेल्या इब्न सीनाच्या लॅटिन भाषांतरामुळे अंतरिंद्रियांचा हा विचार यूरोपात पोहोचला. टॉमस अक्वायनसने अंतरिंद्रिये चारच मानली. इराणी तत्त्वज्ञ मुल्ला सद्रा (मृ. १६४०) याच्या मते आत्मा एकसंध असून तोच आपल्या सर्व शक्तींच्या रूपाने प्रकटतो. कल्पनाशक्तीही त्याने अभौतिक ठरवली आणि मृत्यूनंतर तीही टिकते, असे प्रतिपादले.