आंतरजालीय संदर्भ आणि ‘पाहिल्याचा दिनांक’

छापील ग्रंथ केव्हा वाचला, हे संदर्भनोंदीत कोणी लिहीत नाही. आवृत्ती व पृष्ठक्रमांक दिला की वाचक तेथे पोहोचतो. आंतरजालावरील मजकुरास ही स्थिरता नाही. म्हणूनच १९९७ च्या ‘आयएसओ ६९०-२’ या आंतरराष्ट्रीय मानकाने ऑनलाइन साधनाच्या नोंदीत ते पाहिल्याचा दिनांक आवश्यक ठरविला. अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची भूमिका मात्र पालटत राहिली. २००९ मध्ये तिने संकेतस्थळाचा पत्ता ऐच्छिक करून दिनांक कायम ठेवला; २०१६ मध्ये नेमके उलट करून पत्ता परत आणला आणि दिनांक ऐच्छिक केला.

या फेरबदलांत मूळ प्रश्न बाजूला पडला. दिनांक ही संशोधकाची साक्ष होय, साधनाची प्रत नव्हे. झिट्रेन, अल्बर्ट व लेसिग यांच्या २०१४ मधील अभ्यासात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील सुमारे निम्म्या दुव्यांवर मूळ उद्धृत मजकूर सापडला नाही. न्यायालयाची ही गत, तर महाविद्यालयीन शोधनिबंधांची काय असेल! यावर उपाय आहे. २००१ मध्ये सर्वांस खुल्या झालेल्या ‘वेबॅक मशीन’वर पृष्ठाची दिनांकित प्रत जतन करता येते, तिचा पत्ता मूळ पत्त्यासोबत द्यावा.

मराठीच्या अभ्यासकाला एवढ्यानेही भागत नाही. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या अनेक मराठी संकेतस्थळांचा मजकूर विशिष्ट फाँटवर अवलंबून होता. तो फाँट नसेल तर जतन झालेल्या प्रतीतही निरर्थक चिन्हेच दिसतात. अशा साधनातील आधारभूत वाक्ये युनिकोडमध्ये उतरवून तळटीपेतच द्यावी लागतात.