वेदनेचा उपशम : एका कर्तव्याचा इतिहास

रोग बरा करणे हे वैद्याचे कर्तव्य होय, हे सर्वांस मान्य आहे. परंतु जो रोग बरा होण्यासारखा नाही, त्याने पीडलेल्या माणसाविषयी समाजाचे कर्तव्य काय, हा प्रश्न पुष्कळ काळ घरच्या मंडळींवरच सोडून देण्यात आला. ‘आता घरी घेऊन जा’ या चार शब्दांनी दवाखान्याचा संबंध संपतो आणि घराच्या कसोटीस आरंभ होतो, हे बारामती-इंदापूरकडील पुष्कळांस ठाऊक आहे. या प्रश्नाचे उत्तर कसे घडत गेले, ते आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

आपल्या जिल्ह्यास ही जाणीव नवी नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा त्यावर खात्रीचे औषध नव्हते. तरीही सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह हडपसरनजीक रोग्यांची शुश्रूषा चालविली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. औषध नाही म्हणून शुश्रूषा थांबत नाही, हा धडा त्यांच्या आचरणात आहे.

परंतु नुसती माया वेदनेपुढे अपुरी पडते. तिला शास्त्राची जोड देणाऱ्यांत सिसिली साँडर्स या अग्रणी. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि अखेर डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. रोगी कळवळेपर्यंत न थांबता मॉर्फिनची मात्रा ठरल्या वेळी द्यावी, हे त्यांचे एक सूत्र. वेदना केवळ देहाची नसते, हे दुसरे. डोक्यावरचे कर्ज, मुलीच्या लग्नाची काळजी, मरणाचे भय, ही सारी वेदनेचीच अंगे होत. म्हणून ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणजे केवळ अंतकाळची सोबत नव्हे. रोगावरील उपचार चालू असतानाच ती सुरू व्हावी आणि रोग्याची उस्तवार करणाऱ्या सुनेचा वा पत्नीचाही भार तिने हलका करावा, अशी तिची मूळ कल्पना आहे.

महाराष्ट्रात १९८६ साली वांद्रे येथे शांती अवेदना आश्रम निघाला. पुण्याजवळ वारजे येथे १९९७ साली सिप्लाचे केंद्र सुरू झाले. दरम्यान एक विपरीत गोष्ट घडली. अफू पिकते आपल्याच देशात, मध्य प्रदेश-राजस्थानात. पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांची अशी गुंतागुंत झाली की, व्यसन रोखण्याच्या भरात कर्करोग्याचे मॉर्फिनच दुर्मिळ झाले. ही गाठ सैल करणारी दुरुस्ती व्हावयास २०१४ साल उजाडावे लागले.

आमच्या भागास याचा अर्थ समजावून सांगावयास नको. १८७६-७७च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा आला आणि या दोन तालुक्यांचे रूप पालटले. तरी कालव्यात पाणी असणे वेगळे आणि टेलच्या शेतकऱ्याच्या चारीत ते पोहोचणे वेगळे! वेदनाशमनाचेही तसेच आहे. २०१२ साली राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला, २०१७च्या आरोग्य धोरणात या सेवेस स्थान मिळाले, २०१९ साली बारामतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हे झाले कालव्याचे तोंड. परंतु पुणे बारामतीहून सुमारे शंभर किलोमीटर आणि इंदापूर त्याहून दूर. ज्यास कूस बदलवत नाही, त्याने मात्रेसाठी तेवढा प्रवास कसा करावा?

यास्तव ही सेवा रोग्याच्या दारी गेली पाहिजे. केरळात १९९३ साली कालिकत येथे आरंभलेल्या कार्यातून शेजारपाजारचे स्वयंसेवक तयार झाले आणि घरोघरच्या सेवेचा मार्ग खुला झाला. जखम धुणे, कूस पालटणे शिकविणे, मात्रेची वेळ पाळणे, चार शब्द ऐकून घेणे, यास मोठी इमारत लागत नाही; शिकलेली परिचारिका, जाणता डॉक्टर आणि गावातील चार माणसे लागतात. ज्या तालुक्यांनी पाण्याच्या पाळ्या लावून घेतल्या, त्यांना रोग्याच्या उशाशी बसण्याच्या पाळ्या लावणे अवघड नाही, असे आम्हांस वाटते.