प्रवाळ, शैवाल व जीवाणू यांच्यातील गंधकयुक्त संयुगे : संशोधनाचा ऐतिहासिक मागोवा

परभणी जिल्ह्यातील झरीसारख्या गावात गंधक परिचित आहे ते सोयाबीनच्या खतामुळे. समुद्रातील प्रवाळ, शैवाल व जीवाणू यांचे व्यवहारही याच मूलद्रव्याच्या एका संयुगावर चालतात, हे मराठवाड्यातील वाचकास दूरचे वाटण्याचा संभव आहे. प्रस्तुत निबंधात या संयुगाचा कर्ता कोण, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार कसे बदलले, याचा मागोवा घेतला आहे.

१९३५ मध्ये पी. हास यांनी पॉलिसायफोनिया या तांबड्या शैवालातून डायमिथाइल सल्फाइड वायू बाहेर पडतो, असे नोंदविले. १९४८ मध्ये लीड्सचे फ्रेडरिक चॅलेंजर व त्यांचे सहकारी सिम्पसन यांनी या वायूचे मूळ द्रव्य, डायमिथाइलसल्फोनिओप्रोपिओनेट (संक्षेपाने डीएमएसपी), त्याच शैवालात शोधले. पुढे ते काही भूवनस्पतींतही, अगदी आपल्या उसातही, आढळले. १९७२ मध्ये जेम्स लव्हलॉक यांनी समुद्रातील गंधक या वायूच्या रूपाने वातावरणात जातो, असे प्रतिपादन केल्यावर विषयाची व्याप्ती वाढली. गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी जुवारी नदीमुखातील या दोन्ही संयुगांच्या कालिक बदलांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला.

प्रवाळांत मात्र एक गृहीतक दीर्घकाळ टिकले. त्यांच्या ऊतींत सूक्ष्म सहजीवी शैवाले राहतात. तेव्हा डीएमएसपी त्यांचेच, प्रवाळ केवळ यजमान, असे मानले गेले. २०१३ मध्ये जाँ-बाप्तिस्त रैना व सहकाऱ्यांनी शैवालविरहित बाल प्रवाळांतही हे संयुग तयार होते आणि तापमानाचा ताण पडताच वाढते, हे सिद्ध केले. एखादा प्राणी ते निर्माण करतो, याचा हा पहिला पुरावा होय. २०१७ मध्ये अनेक सागरी जीवाणूही ते स्वतः घडवितात, हे स्पष्ट झाले. शैवालाची मक्तेदारी अशी दोन्ही बाजूंनी संपली.

तथापि जीवाणूंची भूमिका अधिक गुंतागुंतीची आहे. स्यूडोव्हिब्रिओ हा प्रवाळनिवासी जीवाणू डीएमएसपीतील गंधक वापरून प्रतिजैविक बनवितो व व्हिब्रिओ कोरलिलिटिकस या रोगकारक जीवाणूची वाढ रोखतो, असे २०१६ च्या संशोधनात दिसले. उलट २०१४ च्या प्रयोगांत हाच रोगकारक उष्णतेने त्रस्त प्रवाळाच्या श्लेष्मातील वाढलेल्या डीएमएसपीच्या दिशेने पोहत गेला. तो ते अन्न म्हणून वापरीत नाही. भक्ष्याचा माग म्हणून वापरतो. ज्या द्रव्यापासून रक्षकाचे शस्त्र घडते, तेच शत्रूला वाट दाखविते.

महाराष्ट्रापुरता हा प्रश्न मालवणचा आहे. १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झालेल्या या परिसरात २०१४ नंतर प्रवाळांचे विरंजन वारंवार नोंदले गेले. त्यास पर्यटन व मासेमारीच्या ताणाची जोड आहे. उष्णतेने डीएमएसपी वाढून रोगकारकास माग लागत असेल, तर केवळ पाण्याचे तापमान मोजून भागणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. विरंजनापूर्वी व विरंजनकाळात श्लेष्मातील या संयुगाचे मापनही नियमित व्हावयास हवे. जुवारीवर हे काम झाले, ती जागा मालवणपासून फार दूर नाही.