लेसन बेटाची मोजदाद

हवाई बेटांचा नकाशा पाहतांना आपली दृष्टि होनोलुलूच्या आसपासच खिळून राहते. परंतु तेथून वायव्येकडे लहान लहान बेटांची एक रांग फार दूरवर गेली आहे. तींत, होनोलुलूपासून सुमारें दीड हजार किलोमीटरांवर, लेसन नांवाचें बेट आहे. त्याचें क्षेत्रफळ अवघें चार चौरस किलोमीटर. मध्यें अतिशय खाऱ्या पाण्याचें तळें, भोंवतीं वाळू. एवढ्याशा भूमीवर समुद्रपक्ष्यांचे प्रचंड थवे तर उतरतच. शिवाय खास लेसनच्याच म्हणून गणलेल्या पांच पक्षिजाती तेथें नांदत होत्या: एक बदक, उडतां न येणारी एक पाणकोंबडी, एक फिंच, एक तांबडा मधुपक्षी आणि वटवट्याच्या कुळांतील मिलरबर्ड. रॉथ्सचाइल्ड यांच्या संग्राहकानें १८९१ मध्यें व 'अल्बाट्रॉस' जहाजावरील शास्त्रज्ञांनीं १९०२ मध्यें त्यांच्या नोंदी करून ठेविल्या.

पुढें १९०३ च्या सुमारास, ग्वानो खताच्या धंद्यावरील व्यवस्थापक मॅक्स श्लेमर यानें बेटावर ससे सोडले. १९०९ मध्यें अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं या रांगेंतील बहुतेक बेटें पक्ष्यांसाठीं राखून ठेविलीं. पिसांच्या व्यापाऱ्यांनीं तो हुकूम धाब्यावर बसविला, पण त्यांना निदान पकडतां तरी येत होतें. सशांना हुकूम वाचून कोण दाखविणार? १९१२-१३ मध्यें आलेल्या तुकडीनें पांच हजारांवर ससे मारले. मग दारूगोळा संपला, आणि उरलेल्यांची वीण पूर्ववत् चालू राहिली. एवढ्या अनर्थाला इतकें क्षुल्लक कारण!

अलेक्झांडर वेटमोर यांची मंडळी १९२३ च्या एप्रिलांत 'टॅनेजर' या आरमारी जहाजानें लेसनला पोंचली, ती या रांगेंतील वनस्पति व प्राणी यांची पाहणी करण्याकरितां. त्यांच्यापुढें वाळवंट पसरलें होतें. पूर्वीं नोंदलेल्या सव्वीस वनस्पतींपैकीं चारच शिल्लक होत्या. मिलरबर्ड नाहींसा झाला होता. मधुपक्षी तीन उरले होते. त्यांतील एकाचें गातांनाचें चलच्चित्रहि घेण्यांत आलें. मंडळी बेटावर असतांनाच वाळूचें वादळ सुटलें, आणि तें शमल्यावर ते तिन्ही पक्षी पुन्हा कोणास दिसले नाहींत. शास्त्रज्ञांनीं मोजदादीबरोबर बंदुकीहि चालविल्या व त्याच वर्षीं सशांचा निःपात केला. बदक आणि फिंच त्यामुळें वांचले. पाणकोंबडी लेसनवर टिकली नाहीं. मिडवे बेटावर पूर्वीं नेलेली तिची संतति युद्धकाळांत आलेल्या उंदरांनीं संपविली. १९४४ नंतर ती दिसलेली नाहीं.

असल्या पाहण्यांना कित्येक लोक निरर्थक जंत्री म्हणतात. मला तें मान्य नाहीं. जुन्या याद्या नसत्या, तर १९२३ चें तें वाळवंट निसर्गानेंच तसें घडविलें असें समजून मंडळी पुढें गेली असती, आणि तेथें काय हरपलें हें विचारण्याचेंहि कोणास सुचलें नसतें. याच मोहिमेंत नीहोआ नांवाच्या खडकाळ बेटावर, जेथें ससे कधीं पोंचलेच नव्हते, वेटमोर यांना मिलरबर्डची एक नवी उपजात आढळली. २०११ व २०१२ मध्यें त्यांतील पन्नास पक्षी जहाजानें लेसनवर आणून सोडण्यांत आले. तोंवर बेटावर झाडोरा पुन्हा माजला होता. त्यांत त्यांनीं घरटीं बांधलीं.