इंटरनेट कॉलचे ध्वनिमुद्रण
इंटरनेटवरून चाललेल्या संभाषणाची डेटा-पाकिटे वाटेतच टिपून त्यांतून आवाज पुन्हा उभा करण्याची पद्धत. कॉल जोडण्याचे काम बहुधा ‘सिप’ प्रोटोकॉल करतो, आवाज ‘आरटीपी’ पाकिटांतून जातो. जी.७११ पद्धतीत साधारणपणे २० मिलिसेकंदांच्या आवाजाचे १६० बाइटांचे एक पाकीट होते, सेकंदाला ५०. स्विचच्या एका पोर्टवर वाहतुकीची प्रत वळवली की वायरशार्कसारखे सॉफ्टवेअर ती साठवते व पाकिटे क्रमाने लावते. गहाळ पाकिटाच्या जागी शब्द तुटतो. कूटबद्ध कॉल किल्लीविना ऐकता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीने संमतीचा प्रश्न कळीचा. ‘आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (१९७२) खटल्यात एका बाजूच्या संमतीने ध्वनिमुद्रित झालेले दूरध्वनी संभाषण सर्वोच्च न्यायालयाने पुरावा म्हणून ग्राह्य धरले. त्रयस्थाने चोरून ऐकणे वेगळे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये विनीत कुमार प्रकरणातील बेकायदा टॅपिंगचे आदेश रद्द केले, ते योग्यच झाले.

मराठवाड्यातला मोलाचा निकाल जालन्याच्या निवडणूक वादातला: ‘अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’ (२०२०). मूळ साधन न्यायालयात हजर नसेल, तर इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य, असे त्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. धाराशिवच्या न्यायालयातही हाच दंडक लागू आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार या प्रमाणपत्रात फाइलचे हॅशमूल्यही नोंदवावे लागते.