चेरी क्रिस्प आणि परत न येऊ शकलेला मुकादम (थ्रेड)

अमेरिकेच्या वायव्य भागात जून-जुलैमध्ये गोड चेरीचा हंगाम भरात येतो आणि घरोघरच्या ओव्हनमध्ये ‘क्रिस्प’ नावाचा एक साधा पदार्थ भाजला जातो. बिया काढलेल्या चेरी पसरट भांड्यात घालायच्या. त्यावर थोडी साखर, लिंबाचा रस आणि पाक दाट व्हावा म्हणून चमचाभर कॉर्नफ्लोअर. वरून मैदा, ओट्स, साखर आणि गार लोणी यांचा रवाळ चुरा. शंकरपाळ्याच्या पिठाला मोहन चोळतात तसे हे लोणी बोटांच्या टोकांनी चोळले जाते, मात्र पीठ मळायचे नसते. सुमारे १९० अंश सेल्सिअसवर पाऊण तासात वरचा थर खरपूस होतो आणि कडेने जांभळा रस उकळून वर येऊ लागतो.

पदार्थ फार जुना नाही. पायसाठी पीठ मळणे, ते गार ठेवणे, एकसारखे लाटणे आणि न फाटता भांड्यात बसवणे एवढे कसब लागते. क्रिस्पने हा सारा खटाटोप वगळला. अ‍ॅपल क्रिस्पची सर्वांत जुनी छापील कृती म्हणून सहसा इझाबेल एली लॉर्ड यांच्या १९२४ सालच्या ‘एव्हरीबडीज कुक बुक’चा दाखला दिला जातो. ब्रिटनमध्ये याचेच भावंड, ‘क्रम्बल’, दुसऱ्या महायुद्धात घरोघर रुजले. जानेवारी १९४० पासून तेथे लोणी आणि साखर रेशनवर गेली होती. लोण्याचा वाटा बराच काळ माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम होता. एवढ्या लोण्यात पायचे आवरण होणे कठीण, पण फळावर भुरभुरण्याचा चुरा कसाबसा होत असे. रेशन १९५४ मध्ये पूर्णपणे उठले, क्रम्बल मात्र राहिले.

हा झाला वरच्या थराचा इतिहास. खालच्या थराचा, म्हणजे फळाचा इतिहास याहून पुष्कळ कटू आहे.

महाराष्ट्रातील वाचकासाठी आधी एक खुलासा. केकवर किंवा मसाला पानात दिसणारी लालभडक ‘चेरी’ पुष्कळदा चेरी नसतेच. ती पाकात मुरवलेली, रंगवलेली करवंदे असतात. खरी चेरी हे थंड प्रदेशातील झाड. भारतात ती काश्मीर आणि हिमाचलात पिकते.

अमेरिकी घरात क्रिस्पसाठी गोड चेरी घेतली, तर ती बहुधा ‘बिंग’ जातीची असते. टपोरी, काळपटाकडे झुकणारी गडद लाल, घट्ट गराची. या घट्टपणामुळेच ती रेल्वेच्या लांब प्रवासात टिकली आणि ओरेगनची चेरी देशाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचली. ‘बिंग’ हे नाव एका माणसाचे आहे. तो ओरेगनच्या एका फळबागेत काम करणारा चिनी मुकादम होता.

ही बाग कशी उभी राहिली, हे पाहण्यासारखे आहे. हेंडरसन लेवेलिंग हा आयोवातील सेलम गावचा रोपवाटिकावाला. क्वेकर पंथाचा आणि गुलामगिरीचा कट्टर विरोधक. गुलामीतून पळून आलेल्या कृष्णवर्णीयांना त्याच्या घरात लपण्यास जागा मिळत असे. १८४७ मध्ये त्याने बैलगाडीत मातीने भरलेली खोकी बसवली, त्यात सुमारे ७०० लहान कलमे लावली आणि पत्नी-मुलांसह पश्चिमेची वाट धरली. वाळवंट, डोंगर आणि नद्या ओलांडताना प्यायच्या पाण्याची ददात असतानाही ही झाडे शिंपली जात होती. जवळपास निम्मी जगली. ओरेगनमधील मिलवॉकी या गावी (विस्कॉन्सिनचे प्रसिद्ध शहर वेगळे) त्यांतून रोपवाटिका उभी राहिली. पुढे धाकटा भाऊ सेथ येऊन मिळाला आणि हेंडरसन कॅलिफोर्नियाला गेल्यावर त्याने चेरीच्या नव्या जाती काढण्याचे काम चालवले.

१८६० च्या सुमारास सेथने एका काळसर चेरीला ‘ब्लॅक रिपब्लिकन’ असे नाव दिले. गुलामगिरीला विरोध करणाऱ्या रिपब्लिकन पक्षाच्या लोकांना विरोधक त्या काळी याच शब्दांनी हिणवत असत. सेथने ती शिवी उचलली आणि फळाला बहाल केली. अमेरिकी फळबागांच्या इतिहासात एवढे उघड राजकीय बारसे क्वचितच सापडेल.

ज्या ओरेगनमध्ये हे घडत होते, तेथील वातावरण मात्र वेगळे होते. १८५७ मध्ये तेथील मतदारांनी राज्यघटनेवर मतदान करताना गुलामगिरी नाकारली. त्याच मतदानात मुक्त कृष्णवर्णीयांना राज्यात येऊन राहण्यास बंदीही घातली. ते कलम १९२६ पर्यंत घटनेत होते. घटना लागू झाल्यानंतर आलेल्या चिनी माणसाला जमीनजुमला बाळगता येणार नाही, अशीही तरतूद त्याच घटनेत होती. म्हणजे बाग फुलवायला चिनी हात चालत. ती बाग त्या हातांच्या मालकीची होऊ शकत नव्हती.

आह बिंग याच बागेत होता. ‘आह’ हा त्याच्या नावाचा खरा भाग नव्हे. दक्षिण चीनमध्ये बोलताना नावाआधी लावला जाणारा तो सलगीचा उपसर्ग आहे. अमेरिकी कागदपत्रांत असे शेकडो ‘आह’ सापडतात, कारण नोंद करणाऱ्यांनी पूर्ण नाव विचारण्याची तसदी घेतली नाही. सेथची सावत्र मुलगी फ्लॉरेन्स ओल्सन लेडिंग हिच्या आठवणींनुसार बिंग सहा फुटांहून उंच होता, बागेतील तीसेक चिनी मजुरांवर देखरेख करत होता आणि चीनमधील पत्नी-मुलांना पैसे पाठवत होता. ब्लॅक रिपब्लिकनच्या बीपासून उगवलेल्या रोपांतून १८७५ मध्ये नवी जात हाती आली. एका आठवणीनुसार सेथ आणि बिंग रोपांच्या वेगवेगळ्या ओळी सांभाळत आणि हे झाड बिंगच्या ओळीतले होते. म्हणून नावही त्याचेच.

मूळ रोप कोणाच्या देखरेखीने वाढले यावर आजही वाद घातला जातो. त्या वादापेक्षा ही गोष्ट अधिक बोचणारी आहे की बिंगविषयी जे काही ठाऊक आहे, ते जवळजवळ सारे मालकाच्या कुटुंबाच्या आणि परिचितांच्या आठवणींतून आलेले आहे. त्याच्या स्वतःच्या तोंडचे एक वाक्यही उरलेले नाही.

मे १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांच्या प्रवेशावर बंदी घालणारा कायदा केला. आधीपासून राहणाऱ्यांना मायदेशी जाऊन परतायचे असल्यास दाखला मिळत असे. १ ऑक्टोबर १८८८ च्या स्कॉट कायद्याने हे दाखलेही एका फटक्यात रद्द केले. सुमारे २०,००० चिनी माणसे दाखला खिशात असूनही अमेरिकेबाहेर अडकली. त्यांपैकी चे चान पिंग हा १८७५ पासून सॅन फ्रान्सिस्कोत राहिलेला मजूर; कायदा झाला तेव्हा तो परतीच्या जहाजावर समुद्रात होता. त्याला उतरू दिले नाही. तो न्यायालयात गेला आणि १८८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला.

कायदा हा या द्वेषाचा सौम्य भाग होता. १८८७ मध्ये ओरेगनच्याच हद्दीत, स्नेक नदीकाठी, सोने शोधणाऱ्या ३० हून अधिक चिनी मजुरांची हत्या झाली. खटला चालला, शिक्षा कोणालाच झाली नाही.

अशा काळात, १८८९ च्या सुमारास, बिंग कुटुंबाला भेटण्यासाठी चीनला गेला. तो ओरेगनला परत येऊ शकला नाही. पुढे त्याचे काय झाले, हे इतिहासाला ठाऊक नाही. बंदीचा कायदा १९४३ मध्ये रद्द झाला, तेव्हा चीन जपानविरुद्धच्या युद्धात अमेरिकेचा मित्र होता.

त्याच्या नावाच्या झाडाला मात्र कोणतीही सीमा आडवी आली नाही. चेरीच्या बीपासून मूळ झाडासारखेच झाड उगवत नाही. जात टिकवायची तर डोळा भरून किंवा काडी बांधून कलम करावे लागते. म्हणून जगातले प्रत्येक बिंग झाड हे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मिलवॉकीच्या त्या एकाच झाडाचा विस्तार आहे. त्याला स्वतःच्या परागांनी फळ धरत नाही, दुसऱ्या जातीचे झाड शेजारी लागते.

अलीकडच्या काळात ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतील चेरी, बिंगसकट, विमानाने चीनला जाऊ लागली. तेथील बाजारात अशा आयात चेरीला ‘चेलीत्झ’ म्हणतात. हा मूळ चिनी शब्द नव्हे. ‘चेरीज’ या इंग्रजी शब्दाचे ते कँटनी वळणाने आलेले रूप आहे.